डावखुरीची रायफल

१ ऑगस्ट २०२४, गुरुवार

आज दुपारी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या गल्लीतली निम्मी मशिनं थांबली होती. लाइट गेली नव्हती. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिसात नेम धरून उभा होता, आणि एका मोबाइलभोवती दहा डोकी. गुडघ्यावर, मग पालथं पडून, मग उभ्यानं. सुरुवातीला तो खालीच होता. उभ्याच्या फेरीपर्यंत सावकाश वर सरकत आला आणि तिसरा राहिला. ४५१.४ गुण. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये देशाला ऑलिंपिकचं पदक पहिल्यांदाच. १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ आणलं, त्यानंतर महाराष्ट्राचं वैयक्तिक पदक हेच.

आमचे मामा तीस वर्षं लेथवर आहेत. ते म्हणाले, "कुस्तीला लंगोट नि खुराक. ह्याला काय काय लागतं म्हणायचं?" मी म्हटलं, खाशाबांनाही पैसे लागलेच की. हेलसिंकीला जायला राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी घर गहाण टाकून सात हजार उभे केले होते. आणि स्वप्निलच्या गुरुजी वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढलेलं, हेही पेपरात येऊन गेलं आहे. मामा गप्प झाले. मीही गप्प झालो, कारण घरी काय वाढून ठेवलंय ते मला माहीत होतं.

संध्याकाळी लेक म्हणालीच. आठवीत आहे, मे महिन्यातल्या शिबिरापासून क्लबच्या एअर रायफलीवर शिकते. "बाबा, मला माझी रायफल पाहिजे." आज नाही म्हणायची सोय नव्हती. बघू म्हटलं.

४ ऑगस्ट, रविवार

रेंजवर जाऊन लेकीला शिकवणाऱ्या सरांना भेटलो. वाटलं होतं, सर म्हणतील एवढ्यात नको, क्लबची आहे तीच वापरू दे. एरवी ते तसंच सांगतात. पहिलं वर्षभर कुणालाच विकत घेऊ देत नाहीत. पण त्यांनी लेकीला उभं केलं आणि मला मागून बघायला सांगितलं. पोरगी डावखुरी, क्लबच्या सगळ्या रायफली उजव्या हाताच्या. मूठ उजव्या तळव्यासाठी कोरलेली, गालाचा टेकू उजव्या गालाचा. डोळा मागच्या साइटच्या भोकाशी आणायला ती मान वाकडी करते आणि मान वाकडी झाली की कंबर सरकते. "तिला उजव्या हातानं शिकवून पाहिलं," सर म्हणाले, "पण डोळाही डावाच जोरकस आहे. हात नि डोळा एका बाजूला असताना मी तो का मोडू?"

मग त्यांनी उभं राहणं म्हणजे काय ते दाखवलं. रायफल हातानं उचलून धरायचीच नाही. पुढच्या हाताचं कोपर बरगडीवरून कमरेच्या हाडावर टेकतं, रायफलीचं वजन हाडांवरून खाली पायात जातं. स्नायू दमतात, थरथरतात. हाडं दमत नाहीत. म्हणून रायफल अंगाला बसली पाहिजे. न बसली तर मूल स्वतः तिच्यात बसायला बघतं आणि ते पाठीला महागात पडतं.

ज्यावर नेम धरायचा ते कार्डही हातात घेऊन पाहिलं. दहा मीटरवरच्या कार्डाचं काळं वर्तुळ ३०.५ मिलिमीटर, आणि दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर. अर्धा! छर्रा स्वतः ४.५ मिलिमीटरचा. त्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा, म्हणजे मध्यापासून अडीच मिलिमीटरपर्यंत माफी. पण हल्ली दहाचेही दशांश मोजतात, १०.० ते १०.९, आणि दर पाव मिलिमीटरला एक दशांश कमी. अशा साठ गोळ्या, सव्वा तासात, उभ्यानं. पाव मिलिमीटर म्हणजे २५० मायक्रॉन. आमच्या धंद्यात एवढी ढिलाई असलेला जॉब मी परत पाठवतो, पण ते लोखंड चकमध्ये आवळलेलं असतं. इथं चक म्हणजे तेरा वर्षांची पोरगी, आणि ती श्वास घेते.

११ ऑगस्ट, रविवार

आईला कळलं. तिचा पहिला प्रश्न परवान्याचा. तिच्या माहेरी ठासणीची बंदूक होती, मग बाराबोअर आली, त्यामुळे तिला तलाठी-मामलेदार-फौजदार सगळं आठवतं. तिला समजावलं: २०१६ च्या शस्त्र नियमांत एअर रायफलीचं भोक .१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर असेल आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त नसेल, तर परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर रायफलीची ऊर्जा साडेसात जूलच्या आसपास. स्वप्निल मारतो ती .२२ ची, दारूच्या काडतुसाची. तिला परवाना लागतो, ती पुढची गोष्ट.

"मग पारवा पडंल का?" आईचा दुसरा प्रश्न. पडेल आणि आपण आत जाऊ, म्हटलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद, ती छर्‍यानं केली तरी शिकारच. चित्ते पाळून हरणं धरणाऱ्या संस्थानाचं हे गाव. जुन्या लोकांच्या डोक्यात बंदूक आणि शिकार अजून वेगळी झालेली नाही. आईनं "मग घेऊन करायचं काय?" असं विचारलं नाही, पण चेहरा तोच होता.

१८ ऑगस्ट, रविवार

दोस्ताकडची देशी स्प्रिंगची एअरगन आणली. मध्ये मोडायची, स्प्रिंग चढते, छर्रा घालायचा, बंद करायची. किंमत काही हजारांत. मनात हिशेब असा की आधी हिच्यावर शिकेल, मग मोठी घेऊ.

कारखान्याच्या मागच्या भिंतीला कार्ड लावून मी स्वतः मारून पाहिलं. घोडा दाबला की आतला जड पिस्टन पुढं धावतो आणि बंदूक मागं येते. पिस्टन टोकाला जाऊन थांबतो, तशी ती पुढं झटका खाते. आणि हे सगळं छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत. म्हणजे धरण्यात जराही फरक झाला की छर्रा दुसरीकडे. घोड्याला स्प्रिंग काटा लावला तर दोन किलोच्या वर ओढ. सरांनी स्पर्धेच्या रायफलीचा घोडा दाखवला होता: आधी थोडा मोकळा येतो, मग अडतो, तिथून शंभर ग्रॅमच्या आसपास. त्याला दाबायचं म्हणण्यापेक्षा तिथं बोट ठेवून वाट बघायची.

सरांना फोन केला. "अंगणात डबे पाडायला बेस्ट आहे," म्हणाले. "पण तिला झटक्याची भीती बसली, घोडा ओढून धरायची सवय लागली, तर ती काढायला मला वर्ष लागेल." हा विषय तिथंच संपला.

२५ ऑगस्ट, रविवार

सांगलीला एका गृहस्थांकडे जुनी जर्मन रायफल. फाइनवेर्कबाऊच्या ६०० मालिकेतली. हिला स्प्रिंग नाही, सिलिंडरही नाही: बाजूची लिव्हर एकदा ओढून मिटली की त्या एका दाबानं हवा कोंडली जाते आणि तेवढ्यावर एक छर्रा जातो. झटका जवळजवळ नाहीच. एकेकाळी ऑलिंपिकची पदकं असल्या रायफलींनी जिंकली आहेत.

लिव्हरची पिन बघून मला खाली ठेववेना. इतक्या वर्षांनी खेळ नाही, खरखर नाही. लिव्हर मिटताना शेवटी जो भरीव दाब लागतो तो प्रत्येक वेळी एकसारखा. ज्यानं ती बसवली त्या कारागिराला मी एक दिवस आमच्या कारखान्यात आणला असता. दुरुस्तीला फक्त सील लागतात. हवा भरायची कटकट कायमची नाही. एकट्या, धडधाकट, कमी पैशांत सुरुवात करणाऱ्या मोठ्या माणसानं डोळे मिटून घ्यावी अशी वस्तू.

पण लेकीनं लिव्हर ओढली तेव्हा तिचं सगळं अंग हललं. साठ गोळ्यांना साठ वेळा, वर सरावाच्या. दर वेळी उभं राहणं मोडायचं, पुन्हा बांधायचं. वजन पाच किलोला टेकलेलं (नियमाची कमाल साडेपाच), आणि मूठ परत उजवीच. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "बाबा, तुम्हालाच पाहिजे होती ना ती?"

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती आले. रायफल हा शब्द पाच दिवस काढायचा नाही असं बायकोनं जाहीर केलं आहे.

१५ सप्टेंबर, रविवार

हिच्यासमोर वही घेऊन बसलो. कारखान्याचा हिशेब तीच ठेवते, त्यामुळे तिच्यापुढं आकडे फुगवून चालत नाही.

लोक रायफलीच्या किमतीवर अडतात. परदेशी नवी घेतली तर साधीही लाखाच्या वर, वरची मॉडेलं अडीच-तीन लाख. वॉल्थर, अन्शुट्झ, स्टायर, सगळ्या त्याच घरात. नामांकित नेमबाजांना आयातीत सवलत मिळते. नवशिक्याला जकात भरून आलेलीच घ्यावी लागते. म्हणजे ज्याच्या खिशात कमी, त्याला महाग. असो.

हिनं विचारलं, "आणि छर्रे?" मला सरांनी सांगितलेलं होतं, मी ते शेवटच्या ओळीत ठेवलं होतं. डब्यात पाचशे. रोज साठ आणि वर दहा-पंधरा चाचणीचे, आठवड्याला पाच-सहा दिवस; डबा आठवडा, फार तर दहा दिवस पुरतो. स्पर्धेच्या दर्जाचा जर्मन डबा हजाराच्या पुढंच. म्हणजे वर्षभरात छर्रेच अर्ध्या रायफलीएवढे होतात. शिवाय जॅकेट, पँट, बूट, हातमोजा, रेंजची फी, हवा भरणं, स्पर्धेला जायचं-यायचं.

तिनं वही बंद केली आणि सांगितलं की रायफलीला एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त जाता कामा नये, उरलेले छर्‍यांना. मला वाटतं याहून शहाणं वाक्य या दीड महिन्यात मला कुणी सांगितलं नाही, आणि तिनं अजून रायफल हातातही धरलेली नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

पुण्याला गेलो. बालेवाडीची रेंज लेकीला बाहेरून तरी दाखवली. २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा याच संकुलात झाल्या. मग दुकान.

हल्लीच्या रायफलींत नळीखाली सिलिंडर असतो, २०० बार दाबानं हवा भरलेला. गाडीच्या चाकात दोन-सव्वादोन बार असते, त्याच्या जवळजवळ शंभरपट. आतला रेग्युलेटर प्रत्येक गोळीला तेवढीच हवा मोजून देतो. छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटरनं निघतो आणि खांद्याला काही कळतही नाही. छर्रा ठेवायचा, कळ मिटायची, झालं.

देशी बनावटीची पाहून मी चकित झालो. प्रिसीहोल हे नाव मला डीप होल ड्रिलिंगच्या मशिनांमुळे माहीत. लांब, सरळ भोक पाडणं हाच त्यांचा धंदा, आणि त्याच घरची एअर रायफल. नळी म्हणजे शेवटी लांब सरळ भोकच. भाग बिघडला तर फोन करून मिळेल, जर्मनीहून पत्र यायची वाट बघायला नको. क्लबसाठी घ्यायची असती तर मी हीच सुचवली असती. दुसरी हॅमर्लीची एआर-२०, अॅल्युमिनियमची. बट, गाल, मूठ सगळं पुढं-मागं होतं, नवशिक्यांत ती बरीच दिसते. दुकानदारानं मला मॉडेलं दाखवली, सरांनी सांगितल्याप्रमाणे मी लेकीला उभं केलं.

कोपर काटकोनात वाकवून बट कोपराच्या खळग्यात टेकवायचा आणि पहिल्या बोटाचं पेर घोड्यावर येतं का बघायचं. कुठंच येईना. सगळ्यात आखूड केल्यावरही एक बोट कमी. वजन चार किलोच्या पुढं. "पुढच्या वर्षी येईल की अंगाला," दुकानदार म्हणाला. शाळेचा गणवेश तसा घेतात, खरं आहे. पण गणवेशात कुणी दहाचा ठिपका शोधत नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

सरांच्या ओळखीतून एक निघाली. जर्मन, ज्युनिअर. मुलांसाठीच केलेली, आखूड आणि हलकी. आमच्या काट्यावर पावणेचार किलोच्या आत. बीचच्या लाकडाचा दस्ता, गालाचा टेकू दोन्ही बाजूंना सारखा. ज्या मुलीची होती ती उंच झाली, पुढच्या रायफलीवर गेली. लोडिंगची कळ उजवीकडेच, पण गोळ्यांच्या मध्ये रायफल स्टँडवर टेकते तेव्हा उजव्या हातानं छर्रा ठेवता येतो. सर म्हणाले, उलट बरंच, डावा हात मुठीवरून हलायला नको.

विकणारे सज्जन होते, किंमतही वाजवी. सिलिंडर काढून हातात घेतला. गळ्याशी बारीक अक्षरात बनवल्याचा महिना आणि साल कोरलेलं असतं. बोटानं तेल पुसून वाचलं तर २०१३. बहुतेक परदेशी कंपन्या हवेच्या सिलिंडरला दहा वर्षांची मुदत देतात आणि स्पर्धेत ती तपासली जाते. मुदत संपली की सिलिंडर कितीही चकचकीत असो, रायफल बाहेर. आणि २०० बारशी खेळून बघायचं धाडस मी तरी करणार नाही. प्रेशरखाली थकलेला धातू कसा फाटतो ते आमच्या धंद्यात दिसतं.

त्यांना तारीख दाखवली. त्यांना खरंच माहीत नव्हतं. नव्या सिलिंडरची किंमत वजा करून सौदा ठरला. जुनी रायफल बघायला जाणाऱ्या कुणालाही मी सांगेन: नळीत डोकवायच्या आधी हा आकडा वाचा.

९ ऑक्टोबर, बुधवार

रायफल घरी आली, नवा सिलिंडर पुण्याहून आला. कारखान्यात सगळ्यांना बघायची होती म्हणून आणली. हवा भरायची म्हटल्यावर आमच्या वेल्डर पोरानं कोपऱ्यातल्या नळकांड्याकडं बोट दाखवलं. "मालक, ऑक्सिजन हाय की आपल्याकडं, दाब बी भरपूर."

मी त्याला खाली बसवूनच सांगितलं. एवढ्या दाबाचा ऑक्सिजन, आणि आत कुठंतरी तेल-ग्रीसचा थेंब, की ठिणगीही लागत नाही. स्फोट होतो. गॅस कटिंगच्या रेग्युलेटरला तेल लावायचं नाही हे त्याला पाठ आहे, पण इथं त्याला ते सुचलं नाही. सिलिंडरमध्ये जाते ती फक्त कोरडी, गाळलेली हवा. रेंजवर पाणबुड्यांच्या टाकीतून भरतात, हळूहळू, सिलिंडर तापू न देता. कोल्हापूरच्या ऑगस्टातली ओली हवा हातपंपानं आत कोंबली तर रेग्युलेटरचं काय होईल तेही सांगितलं. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

काल खंडेनवमीला लेथ, मिलिंग, व्हर्नियर, मायक्रोमीटर सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. रायफल ठेवायची का, यावर चर्चा. आई म्हणाली शस्त्रच आहे, ठेवा. लेक म्हणाली, खेळाचं सामान आहे, माझी बॅडमिंटनची रॅकेट कुठं ठेवली होती तुम्ही? शेवटी ठेवली. कुंकू सिलिंडरवर न लावता पेटीवर लावलं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

विधानसभेची आचारसंहिता लागली. शेजारचे पाटीलकाका परवान्याच्या दुनळीचं कव्हर पुसत होते. ठाण्यात जमा करायची म्हणून. "तुमचीबी न्हेऊ का बरूबर?" म्हणाले.

२० ऑक्टोबर, रविवार

हे पान लांबणार.

मूठ. मूळची दोन्ही हातांना चालेल अशी, म्हणजे कुठल्याच हाताला नीट न बसणारी. सरांनी अट घातली: नळी, व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, घोड्याची पेटी, यांना हात लावायचा नाही; लाकूड आणि बट तुमचं. मला तेच हवं होतं. आतल्या यंत्राला हात लावून ऊर्जा वाढवणारे हौशी भेटतात. त्यांना खेळही कळत नाही आणि कायदाही.

आधी जुन्या मुठीवर प्लास्टिक गुंडाळून एम-सील चढवलं. लेकीला रेंजवरच्यासारखं उभं केलं, डोळे मिटायला लावले, आणि मूठ धरायला सांगितली. आवळायचं नाही, हात मिळवतो तेवढंच. एम-सील वाळेपर्यंत तळव्याची खळी, अंगठ्याचा गादीसारखा भाग, तिन्ही बोटांची पेरं, सगळं उमटलं. मग शिसवाचा ठोकळा. पटाशीनं मोठा माल काढला, पुढं कानस, पुढं काचपेपर. डाव्या तळव्याचा फुगवटा मूळ मुठीपेक्षा दोन सूत बाहेर आला. तळव्याखाली आधार मिळाला की मनगट सरळ राहतं आणि पहिलं बोट मोकळं होतं. हे बोट लाकडाला कुठंच घासायला नको. घासलं तर घोडा ओढताना सगळी रायफल आडवी ढकलली जाते. तिथं लाकूड दोनदा खरवडलं. तिनं धरून पाहिलं, म्हणाली अजून लागतं. तिसऱ्यांदा खरवडलं.

बट. दोन स्क्रूंवर बसणारी पट्टी आहे. तिच्या मागं घालायला अॅल्युमिनियमच्या पाच मिलिमीटरच्या पट्ट्या मिलिंगवर केल्या, भोकं जुळवून. आज एकही लागत नाही. पोरगी वाढेल तशा घालायच्या. एवढ्यासाठी दुकानात दुसरी रायफल सुचवतात.

गालाचा टेकू सगळ्यात नाजूक. मान सरळ, डोकं आपल्या वजनानं खाली आलं पाहिजे आणि डोळा मागच्या भोकाच्या बरोबर मध्ये पडला पाहिजे. ओढून नाही, दाबून नाही. खाली कागदाच्या घड्या घालत घालत उंची ठरवली, मग तेवढीच लाकडी चकती केली. शेवटी तिनं डोळे मिटून गाल टेकवला, उघडले, आणि म्हणाली, "मधे आहे." असं ओळीनं काही वेळा झाल्यावर मी स्क्रू आवळले.

मामांनी शिसवाला जवसाचं तेल दिलं. ते न विचारताच देतात.

२७ ऑक्टोबर, रविवार

छर्रे. सगळे ४.५ चे म्हणवतात, पण डोक्याचं माप डब्यावर ४.४९, ४.५० असं वेगळं असतं आणि नळीला एखादाच मानवतो. सरांच्या परवानगीनं रेंजवर शिकंजा नेला, जबड्यांना लाकूड लावून रायफल धरली आणि दोन जर्मन डबे, एक स्वस्त डबा, प्रत्येकाचे दहा-दहा छर्रे मारले. माणूस मध्ये नाही, म्हणजे चूक रायफलीची नाहीतर छर्‍याची.

एका जर्मन डब्याचं एकच भोक झालं, कडेपासून कडेपर्यंत व्हर्नियरवर सात मिलिमीटरच्या आत. दुसऱ्याचं जरा ऐसपैस. स्वस्त डब्यातल्या काही छर्‍यांचा मागचा घेर वाकलेला, शिसं डब्यातच ठेचलेलं; ते भोक बघण्यासारखं नव्हतं. तरी टाकून दिले नाहीत. ज्या सरावात गुण मोजायचे नाहीत तिथं चालतील. छर्रे हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे, ही सरांची सक्ती. शिसं आहे.

३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीत रेंज बंद. घरी कोरडा सराव: सिलिंडर आहे, छर्रा नाही, घोड्याची कळ कोरड्या सरावावर. भिंतीवर पांढरा कागद, मध्ये पेन्सिलचा ठिपका. दिवाणखान्यात पाहुणे फराळ करताहेत आणि लेक दारामागं अर्धा तास न हलता उभी. भाऊबीजेला आलेली आत्या विचारते, "हिला शिक्षा केलीय का?"

या सरावाला एक पैसा लागत नाही. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबत, आता स्वप्निल. या गावात रायफल-पिस्तुलाची नावं कमी नाहीत. पण त्यांच्या हारतुऱ्यांचेच फोटो निघतात, भिंतीसमोर उभं राहण्याचे कुणी काढत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

सरांनी आज पुढच्या साइटची रिंग बदलली. लेकीनं लहान रिंग घेतली होती, काळं वर्तुळ आत घट्ट बसेल म्हणून. त्यामुळे जरा हललं की ती दचकायची आणि मागं धावायची. मोठी घातल्यावर काळ्याभोवती पांढरं रुंद झालं, हालचाल कमी दिसायला लागली. मानही आता सरळ. गुण फार वाढले नाहीत. पण सगळे छर्रे एका बाजूला पडताहेत, आणि एका बाजूला पडलेलं साइटच्या क्लिकवर दुरुस्त होतं.

आता जॅकेट. क्लबचं उजव्या हाताचं आहे, खांद्याचं अस्तर भलत्या बाजूला. नवं शिवून घ्यायचं तर कापडाची जाडी आणि कडकपणा दोन्ही नियमात बसले पाहिजेत. स्पर्धेला यंत्र लावून मोजतात. बायको म्हणाली वर्षभर थांबा, पोरगी वाढतेय. सर म्हणाले तोवर साध्या स्वेटरवर मारू दे, उभं राहणं पक्कं होईल. दोघांचं एकमत झाल्यावर मी कोण बोलणार. जॅकेटचे पैसे छर्‍यांच्या खात्यात टाकले आणि शिकंज्यावर एकच भोक पाडलेल्या छर्‍यांच्या बॅचचे चार डबे एकदम मागवले.